पाणी आणि पाच माणसे
(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी पाठ)



थोर माणसांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकतो. त्यांचा जन्म कोठे झाला, त्यांनी काय केले व ते कधी वारले, हे पाठ करणे कठीण नाही. परंतु थोर माणसाचा विचार त्याच्या मागे कसा चालत राहतो, एकाने जेथे तो ठेविला तेथून दुसरा तो कसा उचलतो, आणि अखेर तो आपल्या दारापाशी येऊन आपणांस काय विचारतो, ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आजच्या पाठात हेच पाहावयाचे आहे. त्यासाठी दूरची किंवा अवघड गोष्ट घेण्याचे कारण नाही. घागरभर पाणी पुरे आहे.

१. बारव बांधणारी राणी

जालन्याच्या दक्षिणेस अंबड हे तालुक्याचे गाव आहे. मत्स्योदरी देवीच्या टेकडीमुळे ते सर्वांस ठाऊक आहे. ह्याच गावात पुष्करिणी बारव आहे व ती अहिल्याबाई होळकर ह्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या काळी अंबड होळकरांच्या अंमलात होते.

अहिल्याबाई ह्या जामखेडाजवळच्या चौंडी गावच्या पाटलाची मुलगी. जन्म १७२५ साली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ साली सासरे मल्हारराव वारले, आणि पुढल्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. इतकी दुःखे एकामागून एक आली असताही त्यांनी राज्याचा भार उचलला आणि १७९५ साली मृत्यू येईपर्यंत महेश्वराहून कारभार पाहिला. आपल्या हाती जी सत्ता आहे तिचा जाब आपणांस ईश्वरापुढे द्यावयाचा आहे, अशी त्यांची समजूत होती. म्हणून आपल्या खासगीतील पैसा त्यांनी देवळे, घाट, धर्मशाळा, विहिरी व बारवा ह्यांस लाविला, आणि तोही केवळ स्वतःच्या राज्यात नव्हे, तर काशीपासून रामेश्वरापर्यंत.

विहीर आणि बारव ह्यांतील भेद खेड्यातील मनुष्यास सांगावयास नको. विहिरीचे पाणी काढावयास दोर व पोहरा लागतो. बारवेस पायऱ्या असतात. ज्याच्याजवळ दोर नाही, भांडे नाही, असा उन्हातान्हातून आलेला वाटसरू पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी पितो. पाणी हे सत्ताधाऱ्याने रयतेस देणे लागतो, हा विचार ह्या दगडी पायऱ्यांत बांधलेला आहे.

परंतु बारव राणीने बांधली, तरी तिच्या पायऱ्या कोणी उतराव्या हे रूढी ठरवीत असे. महाराष्ट्रात गावोगावी अशी रीत होती की, महार, मांग, चांभार ह्यांनी सार्वजनिक पाणवठ्यास शिवू नये. दूर उभे राहावे, आणि कोणाला दया येऊन त्याने वरून पाणी ओतले तर ते आपल्या भांड्यात झेलावे. अहिल्याबाईंनी विचार जेथपर्यंत आणला तेथे तो थांबला. तो पुढे नेणारे दुसरे लोक हवे होते.

२. घरचा हौद उघडणारा मनुष्य

जोतीराव फुले ह्यांचा जन्म १८२७ साली झाला. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांनी इंग्रजी शिक्षण घेतले. पुढे अहमदनगर येथे मिस फरार ह्यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात स्वतः मुलींची शाळा काढिली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. चार वर्षांनी महार, मांग इत्यादिकांच्या मुलांसाठीही शाळा उघडली. एका शाळेतील उदाहरणाने दुसरी शाळा कशी उभी राहते, हे येथे पाहावे.

पाण्याविषयी त्यांनी जे केले ते १८६८ सालचे आहे. त्यांच्या घराच्या आवारात पाण्याचा हौद होता. तो त्यांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी मोकळा केला. सरकारकडे अर्ज केला नाही, गावाच्या विहिरी कधी उघडतील ह्याची वाट पाहिली नाही. जे पाणी आपले होते त्यापासून आरंभ केला. दुसऱ्याची विहीर उघडावी असे व्याख्यान देणे सोपे असते. आपलाच हौद उघडला म्हणजे मात्र जातभाई रुष्ट होतात, शेजारी बोलणे टाकितात. ज्या विचारासाठी आपणांस काही सोसावे लागले, तोच विचार लोकांच्या मनात उतरतो.

३. चौदा वर्षांची मुलगी

फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ताबाई नावाची मांग जातीची मुलगी शिकत होती. तिने मांग व महार ह्यांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. अहमदनगर येथे १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ ह्या मिशनच्या पत्रात तो १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत छापून आला. तेव्हा ती सुमारे चौदा वर्षांची होती आणि शिकू लागून तिला तीनच वर्षे झाली होती.

त्या निबंधात तिने आपल्या लोकांवर झालेला जुलूम सांगितला, त्यांच्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसते हे सांगितले, आणि ज्या धर्मात आम्हांस जागा नाही तो आमचा कसा, असा प्रश्न विचारिला. आपल्या लोकांनी शिकावे, असे कळकळीने विनविले.

तिच्या आधी पुष्कळांनी दीनांविषयी लिहिले होते. परंतु ते दुसऱ्याचे दुःख पाहून लिहिलेले होते. येथे जिला दुःख झाले तिनेच ते लिहिले. बारवेजवळ दूर उभे राहून, कोणी पाणी वाढील काय, म्हणून वाट पाहणाऱ्यांतली एक मुलगी बोलू लागली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ह्या लहानशा निबंधाचे महत्त्व मोठे आहे. अभ्यासवर्ग चालविणाऱ्या बंधूंनी हे विसरू नये की, ज्या मुलास आपण आज अक्षर ओळख करून देतो, ते उद्या काय लिहील हे आपणांस सांगता येत नाही.

४. मातीच्या भांड्यातील चहा

आता खेळाच्या मैदानावर येऊ. पाळवणकर बाळू हे चांभार जातीचे. पुण्यातील युरोपियन लोकांच्या जिमखान्यात ते थोड्याशा पगारावर नोकरीस होते. मैदानाची निगा राखावी आणि साहेबांस सरावासाठी चेंडू टाकावा, हे त्यांचे काम. डाव्या हाताने ते इतका चतुर चेंडू टाकीत की, पुण्याच्या हिंदू संघाला त्यांस खेळावयास बोलाविणे भाग पडले.

मैदानात त्यांचा चेंडू सर्वांनी हाताळावा. परंतु मध्ये चहाची सुटी झाली की, इतर खेळाडू आत बसून चहा पीत आणि बाळूंस बाहेर मातीच्या निराळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूने विटाळ होत नव्हता, पेल्याने होत होता! अशा रूढीस कोणती बुद्धी म्हणावी?

पुढे १९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला तेव्हा बाळूंनी शंभराहून अधिक गडी बाद केले. असे असूनही मुंबईच्या मोठ्या सामन्यांत हिंदू संघाचे नायकत्व त्यांस कधी मिळाले नाही. परंतु लोकमत हळूहळू पालटत होते आणि १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे त्या संघाचे नायक झाले. जे वादविवादाने पटत नाही, ते कित्येकदा मनुष्याचे निर्विवाद कौशल्य पटवून देते. तथापि कौशल्य दाखविल्यावाचून ज्यास पेला मिळत नाही, त्याच्यावर अन्यायच होत आहे. तहान ही सर्वांची सारखीच असते. तिला शंभर गडी बाद करण्याची अट कशासाठी?

५. तळ्याचे पाणी प्यालेला पुढारी

हा प्रश्न सरळ उभा केला तो डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी. त्यांचा जन्म १८९१ सालचा. बालपणी शाळेत तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी मिळे. शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. एकदा वडिलांस भेटावयास घरच्या इतर मुलांसह बैलगाडीने जात असता जवळ शिधा असूनही वाटेत पाणी न मिळाल्यामुळे सर्व मुले उपाशी राहिली. ह्या आठवणी त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेविल्या आहेत.

सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्या, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडला व तो १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही आपले चवदार तळे मोकळे केल्याचे ठरविले. परंतु कागदावर उघडलेल्या तळ्याचे पाणी कोणी पिऊ धजेना. तेव्हा २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर परिषदेस जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर त्या लोकांवर गावात हल्ला झाला. त्यांनी उलट हात उचलू नये म्हणून डॉ. आंबेडकरांनी त्यांस आवरले. सनातनी मंडळींनी गोमूत्र, शेण इत्यादि पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि दहा वर्षांनी, १९३७ साली, मुंबईच्या हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून जी राज्यघटना अमलात आली, तिने अस्पृश्यता नष्ट केली, आणि विहिरी, तळी व घाट ह्यांच्या वापरात जातीमुळे कोणासही अडवू नये असे स्पष्ट लिहिले. ती घटना तयार करणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष हेच डॉ. आंबेडकर होते. ज्या मुलासाठी नळ सोडावयास शिपाई लागत होता, त्याच्या हातून हे झाले.

६. मनातील पायऱ्या

येथे कोणी म्हणेल, ‘ही तर दुसऱ्यांची गोष्ट झाली. आम्ही जात सोडिली आहे.’ त्यासाठी आणखी एक हकीकत ऐकावी. ती आपल्याच मुलखातील आहे. १९३४ साली डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी वेरूळ पाहावयास निघाले असता दौलताबादेच्या किल्ल्यापाशी थांबले. तेव्हा दौलताबाद आणि अंबड दोन्ही निजामाच्या राज्यात होती. प्रवासाच्या धुळीने भरलेले हातपाय त्यांनी दारापाशी असलेल्या हौदात धुतले. इतक्यात काही मुसलमान लोक ‘हौद बाटविला’ म्हणून शिव्या देत धावून आले. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्यास शिवू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला, तेव्हाच त्यांस आत जाता आले. धर्म निराळा होता, परंतु रूढी तीच होती. धर्म बदलल्याने मनुष्याच्या मनातील पायऱ्या आपोआप मोडत नाहीत, हे ह्यावरून दिसते.

ह्या पायऱ्यांविषयी डॉ. आंबेडकरांनी जो विचार मांडिला तो मनाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. जात ही नुसती विषमता नव्हे, ती पायरीपायरीची विषमता आहे, असे ते म्हणत. सर्व दडपलेले लोक जर एकाच पायरीवर असते, तर ते एक होऊन उठले असते. परंतु प्रत्येकाच्या खाली आणखी कोणी ठेविलेला असतो. वरच्याने लाथ मारिली म्हणजे मनुष्य रडतो, आणि खालचा दिसला म्हणजे त्याच रडण्याचा त्यास विसर पडतो. महार मांगाकडे पाहून समाधान मानतो, मांग आणखी कोणाकडे पाहतो. म्हणून ही इमारत इतकी वर्षे टिकली.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांतही हे झाले आहे, हे लपवून काय उपयोग? कित्येक गावी महारवाड्यातून आलेली घरे व मांगवाड्यातून आलेली घरे प्रार्थनेस एकत्र बसत, परंतु पाणी निराळे भरीत, सोयरीक तर दूरच राहिली. सूखार गावी याकोबाच्या विहिरीवर तहानलेल्या प्रभूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, हा भाग आपण कितीदा वाचिला! यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत, तरी त्याने तिच्या भांड्यातून पाणी मागितले. ते वाचून झाल्यावर आपण कोणाच्या घरी पाणी मागावयास गेलो?

अहिल्याबाईंनी बारव बांधिली, फुल्यांनी हौद उघडला, मुक्ताबाई बोलली, बाळूंनी खेळून दाखविले, डॉ. आंबेडकरांनी पाणी पिऊन हक्क सिद्ध केला. बारवेच्या पायऱ्या सर्वांस एकाच पाण्यापाशी नेतात. मनातील पायऱ्या प्रत्येकास निराळा ठेवितात. एवढा विचार इतक्या लोकांनी येथवर आणला. तो आता आपल्या उंबरठ्यावर उभा आहे. तो आत घ्यावयाचा की दारातूनच परत लावावयाचा, हे कोणी राणी किंवा पुढारी ठरविणार नाही.

अभ्यासवर्गात विचारावयाचे प्रश्न

(१) बारव व विहीर ह्यांत काय भेद आहे? बारव बांधणाराच्या मनात कोणाची तहान असते?

(२) फुल्यांनी प्रथम स्वतःचाच हौद का उघडला? आपल्या घरात असा कोणता ‘हौद’ बंद आहे?

(३) मुक्ताबाईच्या निबंधास इतके महत्त्व का आहे?

(४) बाळूंचा चेंडू चालत होता व पेला चालत नव्हता. आपल्या गावात अशी विसंगत रूढी कोणती उरली आहे?

(५) दौलताबादेच्या हकीकतीवरून आपण काय शिकतो?

(६) पुढील आठवड्यात, ज्यांच्या घरी आपण आजवर पाणी प्यालो नाही, अशा एका घरी जाऊन पाणी मागावे. मागताना मनात काय आले, ते वर्गात प्रामाणिकपणे सांगावे.