फ्लॉरेन्सच्या आधी वसई

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीत नोकरीला आहे, राहतो बोईसरला. मुलगी चित्रकलेच्या क्लासला जाते आणि सध्या मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ने तिला झपाटलंय. तिचे दोन प्रश्न आहेत. डेव्हिडचं डोकं आणि उजवा हात अंगाच्या मानाने एवढे मोठे का? आणि त्या काळातली शिल्पं-चित्रं पाहायला इटलीलाच जावं लागतं, की आपल्याकडेही काही आहे? इटलीचा खर्च सध्या तरी झेपणारा नाही.
– एक वाचक, बोईसर

उत्तर : हात मोठा आहे हे तिने नुसत्या फोटोवरून हेरलं असेल, तर आधी तिला शाबासकी द्या. १५०१ मध्ये मायकेलअँजेलोने हे काम घेतलं तेव्हा पुतळा फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चवर, पार वर छपरालगत बसवायचा होता. रस्त्यावरून मान वर करून पाहणाऱ्याला एवढ्या उंचीवरचं डोकं आणि हात बारीक दिसणार, म्हणून ते मुद्दाम मोठे घडवले, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं असं, की गोफणीने राक्षस लोळवणाऱ्या पोराचं बळ हातात आहे, तेच दाखवायचं होतं. मला पहिलं अधिक पटतं. अर्थात दोन्ही एकाच वेळी खरी असायला काही हरकत नाही. १५०४ मध्ये पाच मीटरहून उंच पुतळा तयार झाला, तेव्हा एवढं धूड वर चढवण्याचा विचार मागे पडला. तो ठेवायचा कुठे हे ठरवायला जाणत्यांची बैठक बसली. तीत लिओनार्दो होता, बोत्तिचेल्लीही होता. शेवटी तो नगरसभेच्या वाड्यासमोर उभा राहिला. १८७३ मध्ये ऊन-पावसापासून वाचवण्यासाठी त्याला अकादेमिया संग्रहालयात हलवलं. वाड्यासमोर आज दिसते ती १९१० मध्ये बसवलेली प्रतिकृती.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. प्रबोधनकाळातली बहुतेक मोठी कामं विशिष्ट जागेसाठी झाली. आल्तारामागचं चित्र, कोनाड्यातला संत, थडग्यावरचं शिल्प – आधी जागा ठरायची, मग तिच्यावरून माप, उंची, उजेडाची दिशा. संग्रहालयात आपल्याला वस्तू भेटते, तिची जागा भेटत नाही. तुमच्या पालघर जिल्ह्यात नेमकं उलटं झालंय. वस्तू गेल्या, जागा राहिल्या. म्हणून मी म्हणेन, सुरुवात वसईच्या किल्ल्यापासून करा.

गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली ती डिसेंबर १५३४ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी मायकेलअँजेलो रोममध्ये सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर ‘अंतिम निवाडा’ रंगवायला लागला. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘फिरंग्यांचं जुनं बांधकाम’ म्हणून मोकळे होतो, त्याची सुरुवात इटलीतल्या त्या कामाच्याच काळातली. किल्ल्यातल्या जेझुइट चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर मुलीला वही घेऊन बसवा. दाराची कमान, दोन्ही बाजूंचे खांब, वरचे आडवे पट्टे यांची वाटणी जुन्या रोमन इमारतींच्या नियमांवरून आली आहे. ते नियम इटलीतल्या वास्तुकारांनी नव्याने अभ्यासले, पुस्तकांत छापले आणि मिशनऱ्यांबरोबर ते समुद्र ओलांडून इथे आले. आत छप्पर नाही, मूर्ती नाहीत, कोनाडे रिकामे आहेत. त्यात काय उभं असेल, किती उंच, कोणत्या बाजूला तोंड करून, हे तिने वहीत काढावं. डेव्हिडच्या हाताचं कोडं सोडवायला याहून चांगला अभ्यास मला सुचत नाही.

मग तटावर चढा. आपल्या गडांवर बहुधा गोल बुरूज दिसतात, इथले कोनदार आहेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी तोफेला न दिसणारा आडोसा राहतो आणि शत्रू तिथे बिनधास्त सुरुंग खणू शकतो. कोनदार बुरुजाच्या दोन्ही बाजू शेजारच्या बुरुजांवरून माऱ्यात राहतात. ही युक्ती इटलीची, आणि त्या काळचे कलावंत तीत मुरलेले होते. १५२९ मध्ये फ्लॉरेन्सच्या तटबंदीची जबाबदारी खुद्द मायकेलअँजेलोवर होती. त्याने काढलेले बुरुजांचे आराखडे आजही जपून ठेवलेले आहेत. अशा तटाला चिमाजीअप्पांच्या सैन्याने मे १७३९ मध्ये सुरुंगांनीच खिंडार पाडलं. त्याआधी जानेवारीत तुमच्या तारापूरचा किल्ला पडला, आणि त्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव कामी आले.

इथून गेलेल्या वस्तूंपैकी चर्चच्या घंटांचा माग सहज लागतो. पोर्तुगीजांकडून मिळालेली एक भीमाशंकरला आहे, एक मेणवलीला. त्या प्रबोधनकाळानंतरच्या आहेत, पण वाटेत असाल तर जरूर पाहा.

वस्तू आणि जागा एकत्र पाहायच्या असतील तर जुन्या गोव्याला जा. बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीखाली जो संगमरवरी चौथरा आहे, तो थेट फ्लॉरेन्सहून आलेला. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी, आणि पाठवणारा तिथला ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा – ज्या मेदिची घराण्याने मायकेलअँजेलोला आश्रय दिला, त्याच घराण्यातला. १६९८ मध्ये तो इथे बसवला. शैली प्रबोधनकाळाच्या पुढची आहे, पण कारागिरीची परंपरा तीच. याच कोझिमोची मुलगी अॅना मारिया लुईझा. घराणं संपत आलेलं पाहून तिने १७३७ मध्ये करार केला की मेदिचींच्या संग्रहातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाऊ नये, ते लोकांच्या उपयोगी पडावं आणि परदेशच्या पाहुण्यांना ओढ लावावं. उफिझी संग्रहालय आज भरलेलं दिसतं ते या बाईंमुळे. जुन्या गोव्यातच पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉयांची व्यक्तिचित्रं आहेत. ही मालिका १५४७ मध्ये सुरू झाली. त्यांवर नंतर पुष्कळ रंग चढले आहेत, तेव्हा चेहऱ्यांपेक्षा उभं राहण्याच्या ढबीकडे लक्ष द्या.

जागेवरून हललेलं चित्र कसं बदलतं, हे कळायला मात्र तुम्हाला जिल्हाही ओलांडायला नको. वारली घरातला लग्नचौक सवाशिणींनी त्या घराच्या भिंतीवर, त्या लग्नापुरता काढायचा, पालघाट देवीसाठी. १९७० नंतर तीच चित्रकला कागदावर आली, आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर पोचले. कागदावर चित्र मोकळं झालं, नवे विषय आले, पुरुषही काढू लागले. देवीचं मात्र निमंत्रण राहिलं नाही. आल्तारावरून संग्रहालयात गेलेल्या मॅडोनाचंही असंच झालं. मी दोन्हींबद्दल हळहळत नाही, पण फरक डोळ्यांना जाणवला पाहिजे.

आता मुंबई. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराबजी टाटा या भावांच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रं आहेत. फ्लॉरेन्सची अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल, कारण भर नंतरच्या शतकांवर आहे. तरीही तैलरंगातली कातडी, मखमल, सावली प्रत्यक्ष कशी दिसते हे छापील पुस्तकातून कळत नाही, ते इथे कळतं. डहाणू-चर्चगेट लोकल तुमच्या स्टेशनवर थांबतेच. एका दिवसात किल्ला आणि संग्रहालय दोन्ही उरकू नका. वसई रोडला उतरून पश्चिमेकडून बस किंवा रिक्षाने किल्ला गाठा, तो हिवाळ्यातल्या सकाळी, पाणी बरोबर घेऊन. संग्रहालय दुसऱ्या रविवारी. तिथे सगळी दालनं पालथी घालू नका. एकच चित्र निवडा आणि मुलीला त्यासमोर अर्धा तास द्या. आणि शेजारची पाटी नीट वाचा. चित्र खुद्द त्या चित्रकाराचं, त्याच्या शिष्यांचं, की त्याच्या शैलीत दुसऱ्या कुणी काढलेलं, हे तिथे एखाद-दुसऱ्या शब्दातच सांगितलेलं असतं.