प्रश्न एकाचा, वेळ सर्वांचा

स्पर्धा संपवून वार्ताहरांसमोर येणारा खेळाडू जिंकलेला असो वा हरलेला, तो दमलेला असतो. त्याच्यापाशी वेळ थोडा आणि विचारणारे अनेक. अशा वेळी वार्ताहरांनी परस्परांशी कसे वागावे, हा पत्रकारितेकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा विषय आहे.

ऑलिंपिकमध्ये खेळाडू मैदानाबाहेर पडताना कठडे लावलेल्या एका मार्गाने जातो. त्यास ‘मिक्स्ड झोन’ म्हणतात. तेथे प्रथम प्रक्षेपणाचे हक्क असलेल्या वाहिन्या, त्यानंतर वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रे असा सर्वसाधारण क्रम असतो. खेळाडूने थांबून बोललेच पाहिजे, असे बंधन नसते. म्हणून पुढच्याने प्रश्न लांबवले, तर जिल्हा दैनिकाच्या वार्ताहराला खेळाडूची केवळ पाठच दिसते.

बालेवाडीत सराव केलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने ७२ वर्षांनी मिळवलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांची रेल्वेतील नोकरी आणि महेंद्रसिंग धोनी यांच्याशी असलेले साम्य बातम्यांत वारंवार आले. ते रंजक खरेच. परंतु हाच प्रश्न दहा जणांनी विचारला, तर गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम साधताना श्वास कसा आवरला, हे विचारण्यास अवकाश उरत नाही. सहकाऱ्याचा प्रश्न लक्षपूर्वक ऐकणे, हे सौजन्याचे पहिले अंग होय.

दुसरे अंग म्हणजे उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये न बोलणे. तिसरे, मागे उभ्या असलेल्याला एखादे वाक्य ऐकू आले नसेल, तर ते जसेच्या तसे सांगणे; खेळाडू मराठीत बोलला, तर इतर भाषकांना त्याचा अर्थ समजावणे. मात्र एखाद्याने स्वतःच्या परिश्रमाने स्वतंत्र मुलाखत मिळवली असेल, तर तेथे कान न लावता दूर राहणे, हेही सौजन्यच.

एकाच्या असभ्यतेचा भार सर्वांवर पडतो. २०१७ च्या महिला विश्वचषकापूर्वी मिताली राज यांना त्यांचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण, असे विचारण्यात आले. पुरुष खेळाडूंना त्यांची आवडती महिला क्रिकेटपटू कोण, असे कधी विचारता का, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. असा प्रश्न झाल्यावर खेळाडूचे मन मिटते आणि नंतरच्या अभ्यासू वार्ताहरालाही तुटक उत्तर मिळते.

वसतिगृहाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांनंतर भित्तिपत्रकासाठी मुलाखती घेणाऱ्या मुलामुलींनी हा पाठ तेथेच गिरवावा. आधी धावणाऱ्याला श्वास घेऊ द्यावा. मग मित्राने विचारले नसेल, तेवढेच विचारावे.