दंडातली सुई, कुशीची काळजी

दुपारची जेवणं आटोपली होती. मेथी निवडता निवडता भावजयीनं नणंदेपाशी विषय काढला. नणंद वीस वर्षं नर्स आहे.

भावजय: वन्सं, शाळेतून चिठ्ठी आलीय. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देणार म्हणे. इकडे मोबाइलवर मेसेज फिरतोय, ही लस घेतली की मूल होत नाही. सही करायला हात धजत नाही.

नणंद: लेकीच्या कुशीचा प्रश्न आहे वहिनी, मनातलं सगळं विचारून घ्या.

भावजय: लसीत असतं तरी काय?

नणंद: हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो, त्या एचपीव्ही विषाणूचं नुसतं टरफल. भुईमुगाचं टरफल पेरलं तर उगवतं का? तसंच हे. आत विषाणूची जनुकं नसतात, म्हणून रोग होऊच शकत नाही. अर्धा मिली लस दंडाच्या स्नायूत देतात. काखेतल्या गाठींमधल्या पेशी ते टरफल ओळखतात, प्रतिपिंडं तयार करतात आणि ओळख लक्षात ठेवतात. पुढे खरा विषाणू आला, तर पेशीत शिरण्याआधीच तो अडतो.

भावजय: आणि ती प्रतिपिंडं गर्भाशयावरच उलटली तर?

नणंद: ती त्या टरफलाच्या प्रथिनालाच चिकटतात. तरी अशी शंका आली, म्हणून डेन्मार्कमध्ये सुमारे दहा लाख मुली-बायकांच्या नोंदी तपासल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: लस घेतलेल्यांमध्ये अंडाशय अकाली थकण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं.

भावजय: पण आंध्रात मुली दगावल्या होत्या ना?

नणंद: हो. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात लसीचा प्रकल्प चालू होता, त्यातल्या सात मुली गेल्या. २०१० मध्ये तो थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण पालकांची संमती नीट घेतली नव्हती, हे उघड झालं. ती चूक मोठीच होती. म्हणून तर म्हणते, समजून घ्या, मगच सही करा.

भावजय: म्हणजे त्रास काहीच नाही?

नणंद: दंड दुखतो, कधी अंग कसकसतं. काही मुलींना सुईच्या भीतीनं चक्कर येते, म्हणून नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येते, त्यावरही तेव्हा लक्ष ठेवता येतं. पोरीला उपाशी पाठवू नका, आणि आधीची काही अ‍ॅलर्जी असेल तर सांगा.

भावजय: मग मूल न होण्याची भीती खोटीच म्हणायची?

नणंद: भीती खरी आहे, पण ती आजाराची धरा. हा कॅन्सर झाला की कितीदा गर्भाशय काढावं लागतं, रेडिएशननं अंडाशयं निकामी होतात. ऐन तिशीतल्या बायकांना मी हे सोसताना पाहिलंय. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला. तरी लस घेतली म्हणून तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नाही.

भावजय: तिशीनंतरची?

नणंद: हो. तुमची कधी झाली, वहिनी?

भावजयीच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग तिनं हात पुसले, चिठ्ठी उलगडली आणि म्हणाली, "सही करते. आणि सोमवारी तपासणीला तुमच्याबरोबर मीही येते."