हेत्वाभास आणि सत्य

असत्याने मनुष्य दुसऱ्यास फसवितो. सदोष तर्काने तो प्रथम स्वतःसच फसवितो. म्हणून गौतममुनींच्या न्यायसूत्रांत हेत्वाभासांचा स्वतंत्र विचार केला आहे. जो हेतूसारखा भासतो, पण साध्य सिद्ध करीत नाही, तो हेत्वाभास. त्याच्या ५ प्रकारांतील पहिला ‘सव्यभिचार’ होय. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान योग्य. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे सदोष. कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

आता कुरुक्षेत्राकडे पाहावे. भीष्म-द्रोण पूजनीय, त्यांच्यावर बाण कसे टाकावेत, असे अर्जुन दुसऱ्या अध्यायात विचारतो. हेतू सात्त्विक दिसतो. परंतु विराटाच्या गाई सोडविताना हेच भीष्म-द्रोण समोर होते, तितकेच पूजनीय होते. तरी अर्जुनाने बाण टाकले आणि त्यात त्याला अधर्म वाटला नाही. अर्थात आता शोक आधी उत्पन्न झाला व कारण मागाहून शोधले गेले. म्हणूनच त्याचे बोलणे पंडिताचे, पण शोक अस्थानी, असे भगवान त्यास सांगतात.

तथापि हेतू सदोष ठरला एवढ्याने सिद्धान्त खोटा ठरत नाही; तो केवळ असिद्ध राहतो. त्यामुळे भगवान दोष दाखवून थांबत नाहीत. आत्म्याचे अविनाशित्व, स्वधर्म व निष्काम कर्म यांच्या आधारे ते स्वतंत्र निर्णय देतात. वस्तू जशी आहे तशी जाणणे हे यथार्थ ज्ञान. शिंपल्यास रुपे समजणे हे अयथार्थ.

गृहस्थाच्या जीवनातही हा प्रसंग नित्य येतो. एका दुकानदाराने खोट्या मापाने घर बांधले, म्हणून व्यापारात सचोटीने चालतच नाही, असे दुसरा ठरवितो. सचोटीने संसार केलेले अनेक त्याला आठवत नाहीत. एकाच गोष्टीस सर्वस्व मानून बसणाऱ्या अशा युक्तिहीन ज्ञानास गीतेने तामस म्हटले आहे (१८.२२).

न्यायशास्त्रात सत्यनिर्णयासाठी तो वाद, जयासाठी तो जल्प, आणि स्वपक्ष न मांडता केवळ खंडन ती वितंडा. यांतील वादास भगवंतांनी आपली विभूती म्हटले आहे (१०.३२). मनातील विवादही वादच असावा. हाच हेतू विरुद्ध पक्षाने मांडला असता तर तो मान्य झाला असता काय, एवढे साधकाने स्वतःस विचारावे. उत्तर देताना मन कचरले, तर तेथे हेत्वाभास लपला आहे असे समजून पुन्हा विचार करावा.