दगडी हत्यारांचे वय कसे कळते?

बिदर येथील महमूद गवानाचा मदरसा इ. स. १४७२ मधील, हे आपण सहज सांगतो. कारण त्या काळची लिखित साधने उपलब्ध आहेत. परंतु ज्या काळी मानवास लेखनकला तर नाहीच, शेतीही अवगत नव्हती, त्या काळाची गणना कशी करावी?

याचे एक उत्तर आपल्या जनवाड्याच्या दक्षिणेस, हुणसगीच्या खोऱ्यात मिळते. पूर्वी गुलबर्गा व आता यादगीर जिल्ह्यात मोडणाऱ्या या खोऱ्यात इसामपूर हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी १९९७ पासून तेथे उत्खनन केले. चुनखडीच्या लाद्या, ठोकण्याचे गोटे, छिलके, अर्धवट घडविलेल्या आणि पूर्ण झालेल्या हातकुऱ्हाडी अशा वस्तू तेथे एकत्र सापडल्या. तो आदिमानवाचा हत्यारांचा कारखानाच होता!

त्याचे वय कार्बन-१४ च्या पद्धतीने काढता येत नाही. हा कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो व सुमारे पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याइतकाही उरत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी हत्यारांसोबत सापडलेले जनावरांचे दात तपासले. मातीतील युरेनियम, थोरियम आदी द्रव्यांच्या किरणांमुळे दाताच्या कठीण आवरणात काही इलेक्ट्रॉन अडकून पडतात. रांजणात थेंब थेंब पाणी साचावे, तशी त्यांची संख्या वाढत जाते. एकूण साठा मोजून त्यास वार्षिक भरीने भागले, की दात किती वर्षे पुरलेला होता ते कळते. या पद्धतीस ‘इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स’ म्हणतात. तिने इसामपूरचे वय सुमारे बारा लाख वर्षे ठरविले. दातात युरेनियम केव्हा शिरले, याविषयी अनुमान करावे लागते. म्हणून हा आकडा अंदाजाचाच समजावा.

यासाठीच दुसरी साक्ष महत्त्वाची ठरते. तमिळनाडूतील अत्तिरंपाक्कम येथे, जमिनीत गाडले गेल्यावर क्षीण होत जाणारे ॲल्युमिनियम व बेरिलियम यांचे विशिष्ट अणू मोजण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथील हातकुऱ्हाडी दहा लाख वर्षांहून जुन्या आहेत. गुहांमध्ये तर छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने बनलेले चुन्याचे थरही अशीच साक्ष देतात. भारतातील हातकुऱ्हाडी आफ्रिकेतील हातकुऱ्हाडींपेक्षा फारच अलीकडच्या, हा जुना समज अशा पुराव्यांनी मागे पडला.

विद्यार्थिमित्रहो, वरील भागाकारात वार्षिक भर ही दाताभोवतालच्या मातीवरून काढावी लागते, हे ध्यानी ठेवा. माती गेली की भाजक गेला, आणि भाजकाबरोबर वयही गेले! कालवे, शेतांचे सपाटीकरण व खाणकाम यांमुळे अशी स्थळे झपाट्याने नष्ट होत आहेत. म्हणून ओढ्याकाठी जुना दात किंवा घडविलेला दगड दिसल्यास तो उचलू नये. जागा नीट टिपून घेऊन शिक्षकांस कळवावे. बारा लाख वर्षे जपलेली साक्ष आपल्या एका क्षणाच्या कुतूहलाने मुकी होऊ नये.