भीतीचा आजार आणि फोनवरचा वर्ग



आठवडा बाजारात उभे असताना एखाद्या बाईच्या छातीत अचानक धडधड सुरू होते. श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, आता आपण मरणार असे वाटते. दवाखान्यात नेले तर छातीचा कार्डिओग्राम चांगला निघतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका. वस्तीवर म्हणतात, बाहेरचे लागले. पुढच्या आठवड्यात ती बाजाराला जात नाही. महिन्याभराने एसटीत बसत नाही. वर्षाने नवऱ्याला सोबत घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

हा चिंतेचा, म्हणजे भीतीचा आजार. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार 2017 साली भारतात सुमारे 4 कोटी 49 लाख लोकांना तो होता. निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे दिसले की, अशा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या 100 रुग्णांपैकी सुमारे 85 जणांना उपचार मिळत नाहीत. दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नव्हता. जे आहेत ते बहुतेक शहरांत. मग मोहोळ किंवा अक्कलकोटच्या माळावरच्या वस्तीत कोण जाणार?

या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यात सापडले. 1996 मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथे ‘संगत’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘मानस’ या प्रयोगात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना सुमारे दोन महिने शिकवून दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवले. हे समुपदेशक रुग्णांशी बोलत, गंभीर रुग्ण डॉक्टरांकडेही जात. 2010 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेचे सुमारे 66 टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. असे समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या राज्यात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ या आदिवासी तालुक्यात पुण्याच्या एका संस्थेने ‘आत्मीयता’ नावाने असेच काम केले. गावातलेच स्वयंसेवक फोनमधल्या छोट्या चित्रफिती दाखवून लोकांना बोलते करत.

म्हणजे शिकणारे मिळतात. अडते ते शिकवणाऱ्यांपाशी. एक अनुभवी तज्ज्ञ वर्षात किती तालुके फिरणार? म्हणून शिक्षण ऑनलाइन करण्याचा विचार पुढे आला. बेंगळुरूच्या निम्हान्सने 2018 मध्ये डिजिटल अकादमी उघडून जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि समाजकार्यकर्त्यांना शिकवायला सुरुवात केली. ‘संगत’ने मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना नैराश्यावरचे समुपदेशन तीन प्रकारे शिकवून पाहिले: फक्त फोनवर, फोनवर शिकवून शिवाय मदतीचे कॉल करून, आणि नेहमीच्या वर्गात. ही तुलना आपल्याला फार उपयोगाची आहे, कारण व्हिडिओ पाहिला म्हणजे उपचार आला असे समजण्याचा मोह मोठा असतो.

भीतीच्या उपचारात शिकायचे असते तरी काय? माहितीचा भाग सोपा आहे. धडधड म्हणजे शरीराने वाजवलेली घंटा. आग नसताना वाजली तरी ती जीव घेत नाही. आपण पळालो की लगेच बरे वाटते, आणि मन शिकते की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. उपचार याच्या उलट जातो. त्या बाईने आधी वस्तीच्या वळणापर्यंत एकटीने जायचे. धडधड वाढली तरी परत फिरायचे नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचे. हे अनेकदा झाले की मग थांब्यापर्यंत, मग एक थांबा एसटीने, शेवटी बाजार.

इतके आपण दहा मिनिटांत वाचू शकतो. करणे अवघड आहे, आणि ते रुग्णापेक्षा समुपदेशकाला अवघड जाते. समोरची बाई घामाने भिजली, रडू लागली की आपला हात पुढे जातो. “चल बाई, घरी जाऊ, उद्या बघू.” मंडळीत आपणही असेच करतो. कोणी घाबरले की सोबतीला जातो, “काही होणार नाही” असे दहा वेळा सांगतो, त्याची बाहेरची कामे उरकून देतो. प्रेमाने केलेले असते, पण आजाराला तेवढेच हवे असते. प्रार्थना करू नये असे मी म्हणत नाही. प्रार्थना करून तिच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत जावे, आणि पुढच्या वेळी थोडे मागे राहावे.

हे मागे राहणे व्हिडिओतून येत नाही. म्हणून ऑनलाइन वर्ग चांगला की वाईट, ते धडे किती सुंदर बनवले यावर ठरत नाही. शिकणाऱ्याने व्हिडिओ कॉलवर एकाला रुग्ण करून संभाषण करून दाखवले का, रुग्णाच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण जाणत्याने ऐकले का, “इथे तू घाई केलीस” असे कोणी सांगितले का, हे विचारावे. असा वर्ग स्वस्त नसतो. देणगी देताना ‘किती जणांना प्रमाणपत्र दिले’ या आकड्यावर मी तरी फार विश्वास ठेवत नाही.

सोलापूरच्या कामात आणखी एक अडचण आहे, आणि बाहेर तयार झालेल्या धड्यांत ती सहसा नसते. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. शहरात ते नाव अजून बोलण्यात आहे. कायदा 1952 मध्ये गेला, पण पारध्याकडे पाहण्याची नजर सगळीकडे बदलली असे नाही. रात्री जीपचा आवाज आला की पारधी बाई दचकते, हा आजार म्हणायचा का? ज्या घराने खोट्या आळात माणूस नेलेला पाहिला आहे, त्या घराची भीती खोटी घंटा नव्हे. तिथे ‘हळूहळू भीतीला सामोरे जा’ हा उपचार चुकीचा ठरेल. तिथे वकील लागतो, जातीचा दाखला लागतो, सोबत पोलीस ठाण्यात येणारे कोणी लागते. समुपदेशकाने आधी ही निवड करायला शिकले पाहिजे. ती त्याला वस्तीतलाच माणूस शिकवू शकतो, म्हणून शिकणाऱ्यांत पारधी तरुण-तरुणी असाव्यात. आपल्या बोलीत भीतीला काय म्हणतात तेही त्यांनाच ठाऊक असते.

वस्तीवर फोन बहुधा घरात एकच, तोही पुरुषाच्या खिशात. त्यामुळे रुग्णाशी बोलणे फोनवर ठेवण्याऐवजी शिक्षण फोनवर आणि उपचार समोरासमोर, अशी वाटणी आम्हाला बरी वाटते. छातीत दुखणे, चक्कर, वजन घटणे असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांची तपासणी झालीच पाहिजे, कारण थायरॉइड किंवा हृदयाचा आजारही असाच दिसू शकतो. जिवाचे बरेवाईट करण्याचे कोणी बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. सरकारची टेलीमानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक मंडळीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, आणि वाचता न येणाऱ्यांना तोंडी पाठ करून द्यावा.