कांद्याचे बी आणि मधमाशी

कांद्याच्या बियांचे पीक घेणाऱ्या बागाईतदारास एक अनुभव पुष्कळदा येतो. गोंडे भरघोस दिसतात, परंतु मळणीत बी थोडे व हलके निघते. याचे कारण खतात किंवा पाण्यात शोधले जाते. ते परागीभवनातही असू शकते.

एका गोंड्यात शेकडो लहान फुले असून ती २ ते ४ आठवडे क्रमाक्रमाने उमलतात. प्रत्येक फुलातील परागकोश आधी फुटतात; त्याच फुलातील स्त्रीकेसर मात्र एकदोन दिवसांनी पराग स्वीकारण्यास योग्य होतो. म्हणून दुसऱ्या फुलाचा पराग तेथे पोचावा लागतो. हे काम मुख्यत्वे सातेरी, फुलोरी व आग्या या मधमाश्या आणि इतर कीटक करतात.

ऐन फुलोऱ्यात फुलकिड्यांसाठी विषारी औषध फवारल्यास हे मदतनीसही मरतात. यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्यापूर्वीच करावा.

२. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अगदीच अपरिहार्य असेल, तर मधमाश्यांना कमी घातक औषध सूर्यास्तानंतर वापरावे.

३. सुमारे १० टक्के फुले उमलल्यावर मधमाश्यांच्या पेट्या शेतात ठेवाव्यात.

४. बांधावरील झाडे राखावीत व मोहोळे जाळू नयेत.

सकाळी १० च्या सुमारास गोंडे न्याहाळावेत. त्यांवर माश्या वावरत असतील, तर फवारणीचा पंप खाली ठेवणेच हिताचे होय.